दहा वर्षांचं नाव

नानांवर मी जितका चिडलो तितका सख्ख्या भावावरही कधी चिडलो नसेन. आता ते नाहीत, आणि ही चीड कुठं नेऊन ठेवावी ते मला समजत नाही. दर वर्षी पोळा जवळ आला की मी कॉम्प्युटरसमोर बसतो, पाच मिनिटांचं एक काम करतो, आणि ते करताना त्यांच्याशी मोठ्यानं भांडतो. बायको आतून विचारते, "कुणाशी बोलून राह्यले हो?" मी म्हणतो, "कुणाशी न्हाई, तू तुझं बघ."

नाव किसनराव, पण सगळे नानाच म्हणत. वडीगोद्रीच्या थोडं पुढं, हायवेला लागून त्यांची मोसंबीच्या कलमांची रोपवाटिका होती. 'भरवसा रोपवाटिका'. जालन्यात मस्तगडला त्यांचं एक अरुंद दुकान होतं, तिथं बसून ते कलमांची नोंदणी घेत. त्याच दुकानाच्या वर, लाकडी जिना चढून गेलं की माझा कॉम्प्युटर क्लास. म्हणजे दिवसातून चार वेळा त्यांच्यासमोरून जाणं आलंच, आणि चारही वेळा ते मला थांबवत.

अंगानं वाळलेले, उंच. डोक्याला टॉवेल. सदऱ्याच्या खिशात लोकांच्या पेन असतो, यांच्या कलमं बांधायचा चाकू. बोलता बोलता हातात कुठलं तरी पान चुरगळत राहायचे आणि मधेच ते नाकाला लावायचे. माझ्या क्लासमध्ये कुणीतरी मनीप्लांटची बाटली ठेवली होती. नाना पहिल्यांदा वर आले तेव्हा त्यांनी त्याचंही पान चुरगळून हुंगलं आणि तोंड वाकडं केलं.

त्यांचा धंदाच सबुरीचा. जंबेरीचं आंबट रोप खुंट म्हणून घ्यायचं, त्याची साल चाकूनं उचलायची आणि चांगल्या मोसंबीच्या झाडाची एक कळी, तिला डोळा म्हणतात, तो त्यात बसवून पट्टीनं बांधायचा. तो डोळा ज्या झाडाचा, त्याला नाना आईझाड म्हणत. त्यांच्याकडं अशी निवडक आईझाडं होती आणि प्रत्येकाला नंबर होता. शेतकरी रोप नेतो, लावतो, पाणी देतो, आणि पाच-सहा वर्षांनी फळ धरतं. डोळा चांगल्या झाडाचा होता की कुठल्या तरी भिकार झाडाचा, हे तोवर कळत नाही. हिरवंगार तर दोन्ही दिसतं. म्हणून माणूस रोप घेत नाही, रोप देणाऱ्याचं नाव घेतो. नाना म्हणायचे, "आपण काय इकून राह्यलो मास्तर? पाच सालांनंतरचं इकून राह्यलो. आज हातात काय हाय? नुस्तं नाव."

गिऱ्हाईक निघालं की ते "पुन्हा या" म्हणत नसत. "मंग, भेटू पाच सालांनी," म्हणत. आणि लावणीच्या दिवशी बोलावलेलं असो वा नसो, स्वतः त्या शेतात हजर. पहिलं रोप आपल्या हातानं लावणार, शेतकऱ्याच्या घरचा चहा पिणार आणि मग हलणार.

आता त्यांच्या मूळ दुखण्याकडं येतो. नानांना दर वर्षी करायच्या कामाचा विलक्षण तिटकारा होता. जे करायचं ते एकदाच, आणि लांबचं. चप्पल पसंत पडली म्हणून त्यांनी एकदम बारा जोड घेऊन ठेवले. चौथा जोड झिजेपर्यंत पायाला सूज यायला लागली, माप वाढलं, आणि उरलेले आठ जोड रोपवाटिकेतल्या गड्यांना वाटले. गिऱ्हाइकांची नावं लिहायला बाइंडरकडून वीस वर्षं पुरेल अशी जाडजूड वही बांधून घेतली. ती उचलायला दोन हात लागायचे. शेतीच्या एका मासिकाची त्यांनी आजीव वर्गणी भरली, ते मासिक तिसऱ्या वर्षी बंद पडलं. तर नानांनी संपादकाला कार्ड टाकलं, 'मी अद्याप जिवंत आहे. अंक का आला नाही?' ते कार्ड मीच वाचलं होतं. मी पोट धरून हसलो, तर म्हणाले, "हसता काय? आजीव म्हणजे कुणाच्या जिवापर्यंत, हे त्यांनी आधी लिव्हायला पायजे का न्हाई?"

बरं, एवढं होऊनही माणूस शहाणा होईल की नाही? बिलकुल नाही.

त्याला कारण होतं. ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, पण अशा आवाजात की पुन्हा विचारायची छाती झाली नाही. एक्याऐंशी सालची गोष्ट. तेव्हा मोठे व्यापारी तारेचा पत्ता घेत. लांबलचक पत्ता लिहायला नको, नुसतं 'भरवसा, जालना' लिहिलं की तार बराबर नानांच्या दुकानात. हा शब्द तारघरात नोंदवायचा आणि दर वर्षी खिडकीवर जाऊन नोंद नवी करायची. त्या साली डोळे भरायचा हंगाम जोरात होता. नाना रोपवाटिकेत मुक्कामी होते. मुदत टळून गेली.

"आठ दिस मास्तर. नुस्ते आठ दिस. मी गेल्तो खिडकीवर, तर बाबू म्हनला, ते नाव दुसऱ्यानं घेतलं."

दुसरा म्हणजे बाजारातलाच एक व्यापारी, तोही रोपं विकायचा. मग अकोल्याकडच्या एका शेतकऱ्यानं ओळखीवर भरवसा ठेवून तार केली, चारशे कलमं पाठवा. तार त्या व्यापाऱ्याकडं गेली. त्यानं कुठली तरी रस्त्यावरची रोपं भरून दिली. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक? 'भरवसा'कडून आली म्हणून लावली, पोरासारखी जपली. सहा वर्षांनी तो माणूस एक पोतं घेऊन मस्तगडात आला आणि नानांच्या दुकानात, त्यांच्या पायापाशी ते उपडं केलं. जाड सालीची, बियांनी भरलेली, रस नसलेली फळं.

"मंग तुम्ही काय केलं?" मी विचारलं.

"एक कापलं. चाखलं. दुसरं कापलं."

"पण तुमची रोपं नव्हती ना ती! सांगितलं नाही त्याला?"

"सांगून काय? नाव तर माझंच होतं." हातातलं पान चुरगळलं, नाकाला लावलं. "चारशे रोपं दिली त्याला. स्वतः जाऊन लावून आलो. पन सहा सालं कुठून आनून देऊ, मास्तर?"



दोन हजार सालची गोष्ट. जालन्यात इंटरनेट नवंनवं होतं, तासावर बसायला लोक रांग लावत. नाना एक दिवस जिना चढून वर आले, कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं की आता दुकानाची पाटी कॉम्प्युटरात लागते. मी समजावून सांगितलं. नाव नोंदवायचं, 'भरवसा मोसंबी डॉट कॉम'. मग जगात कुणीही कुठूनही ते नाव टाकलं की तुमचंच पान उघडणार. नानांचे डोळे बारीक झाले.

"म्हंजे तारेचा पत्ता."

"तसंच समजा."

"दर साली खिडकीवर जावं लागतं?"

"खिडकी नाही, पण दर साली नूतनीकरण असतं. नाहीतर दोन, पाच, जास्तीत जास्त दहा वर्षांचं एकदम घेता येतं."

"दहाचं घ्या."

"नाना, ऐका तर खरं."

"ऐकून राह्यलो. दहाचं घ्या."

मी अर्धा तास घसा कोरडा केला. म्हटलं, ज्या पुण्याच्या कंपनीमार्फत नाव घेतोय ती आज आहे, दहा वर्षं राहील कशावरून? पुढं दर उतरले तर? साइट चाललीच नाही तर? आणि सगळ्यात मोठी गोष्ट, दर वर्षी भरायचं असलं म्हणजे दर वर्षी एकदा तरी तिकडं बघणं होतं. पत्ता बदलला, फोन बदलला, माणूस बदलला, तर तिथल्या तिथं दुरुस्त होतं. दहा वर्षं कुणी बघितलंच नाही तर काय काय बदललेलं असेल!

नाना शांतपणे म्हणाले, "झालं? आता माझं ऐका. दर साली आठवन ठेवायची म्हंजे दर साली इसरायची संधी. तुमच्या हिशेबानं दहा येळा इसरायची भीती. माझ्या हिशेबानं एक येळा. कोनतं बरं?"

आता बोला!   त्यांचंही बरोबर होतं आणि माझंही बरोबर होतं, म्हणून तर डोकं फिरतं.

फॉर्म भरताना एक रकाना आला, संपर्कासाठी ईमेल. मुदत संपत आली की कंपनी त्याच पत्त्यावर कळवणार. नानांना ईमेल कुठला? म्हणाले, "तुमचा टाका."

"नाना, हा माझ्या क्लासचा ईमेल आहे."

"मंग? क्लास कुठं पळून चाललाय का?"

मी टाकला. मनातून सुखावलोच होतो की नानांसारख्या माणसानं आपल्यावर विसंबावं. त्या रकान्याची मला पुढं जेवढी लाज वाटली तेवढी कशाची वाटली नाही.

साइट मी मन लावून केली. नानांच्या प्रत्येक कलमाला नंबरची एक अॅल्युमिनिअमची पट्टी तारेनं बांधलेली असायची. साइटवर तो नंबर टाकला की तुमच्या झाडाचा डोळा कुठल्या आईझाडाचा, ते आईझाड किती वर्षांचं, यंदा पाणी तोडून ताण कधी द्यायचा, सगळं दिसायचं. लांबलांबचे शेतकरी खूश झाले. एकानं तर पोरीच्या लग्नाच्या पत्रिकेसोबत झाडाचा नंबर पाठवला, आमचं बारा नंबरच्या आईचं झाड यंदा मांडवाला सावली देणार म्हणून.

इथपर्यंत ठीक होतं. पण नाना थांबतील तर ना! एक दिवस दुकानात पोतंभर नव्या पट्ट्या. वर नंबर, आणि नंबरखाली इंग्रजी अक्षरांत ठोकलेलं, 'भरवसा मोसंबी डॉट कॉम'. मस्तगडातले पत्र्याचं काम करणारे सिद्दीकचाचा पोत्याशेजारी उभे राहून घाम पुसत होते.

मी कपाळाला हात लावला. "नाना, विचारायचं तरी! हे नाव कागदावर छापा, पिशवीवर छापा. झाडाला कशाला बांधता? झाड तीस वर्षं राहतं, नाव दहाच वर्षांचं आहे!"

"दहा सालांनी पुन्हा दहा घेऊ."

सिद्दीकचाचांनी एक पट्टी माझ्या हातात दिली. "देखो मास्तर, हात फिराओ. पच्चीस साल नहीं मिटेगा. बिलकुल नहीं."

आणि खरंच, बोट फिरवलं की अक्षर न् अक्षर लागत होतं.

पट्टीबद्दल नाना प्रत्येक शेतकऱ्याला एक गोष्ट बजावून सांगत. दर वर्षी तार सैल करा. खोड जाड होतं, तार तेवढीच राहते, नाही बघितलं तर सालीत रुतते आणि झाडाचा गळा धरते. स्वतःच्या आईझाडांच्या तारा ते दर पोळ्याला स्वतः सैल करत. ज्या माणसाला दर वर्षीच्या कामाचा एवढा तिटकारा, तो हे एक काम मात्र कधी चुकवत नसे. तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं की बोलायची हीच जागा आहे. "नाना, नावाची तार पण सैल करावी लागते." एवढंच म्हटलं असतं तर त्यांना एका क्षणात पटलं असतं. पण वेळेवर सुचेल ते डोकं कसलं!

पुढची दहा वर्षं दहा वर्षांसारखीच गेली. चार-पाच वर्षांत गल्लोगल्ली क्लास झाले, माझा बसला. मला औरंगाबादला एका कॉलेजात नोकरी लागली. क्लासचा ईमेल ज्या कंपनीचा होता तिनं गाशा गुंडाळला. पुण्याची कंपनी दुसऱ्या कंपनीनं घेतली, दुसरी तिसरीनं. साइट मात्र चालू होती. मी औरंगाबादहून अधूनमधून नवे नंबर त्यात चढवायचो. शेत पिकतंय म्हटल्यावर सातबारा कोण बघतो? नाव कधी संपतं हे मला माहीत होतं का? होतं. लक्षात होतं का? नव्हतं. दहा वर्षांपूर्वीची तारीख माणसाच्या लक्षात राहत असती तर एवढं रामायण कशाला झालं असतं.

दोन हजार दहाच्या जानेवारीत मुदत संपली. साइट बंद पडली. कंपनीनं आधी पत्रं पाठवली असतील, दोन, चार, सहा. सगळी त्या मेलेल्या ईमेलवर. शेतकऱ्यांनी नंबर टाकून बघितला, पान उघडेना, तर म्हणाले नेट गेलं असेल. मीही तेव्हा परीक्षांच्या कामात होतो, तिकडं फिरकलो नाही. मुदतीनंतर मिळणारे सवलतीचे दिवसही निघून गेले आणि कुण्या तिऱ्हाइतानं ते नाव उचललं.

हे आम्हाला कळलं जुलैत, तेही कसं बघा. जांब समर्थच्या बाजूला शोभाताई म्हणून एक बागायतदार बाई होती. नवरा गेल्यावर तिनं एकटीनं मोसंबी उभी केली होती. पहिली बाग नानांच्याच रोपांची. तिचा नानांना फोन आला.

"नाना, तुमच्यावर राग हाय माझा. तीनशे रोपं घरपोच पाठवली, लई चांगलं केलं. पन लावायला तुम्ही आले न्हाईत! असं कधी झालंय का?"

नानांनी तीनशे रोपं पाठवलीच नव्हती.

मला फोन केला तेव्हा त्यांचा आवाज अगदी हळू होता. "मास्तर, आपल्या नावावर कोनतरी बसलंय."

मी साइट उघडली. आपलंच नाव, आणि खाली 'घरपोच खात्रीशीर मोसंबी कलमे', एक मोबाइल नंबर, आणि कुठल्या तरी परदेशी बागेचा फोटो. मी पान बंद करून पुन्हा उघडलं. तेच.

मग पंधरा दिवस मी जे काही केलं ते आठवलं की अजून कानशिलं तापतात. तिसऱ्या कंपनीला पत्रं लिहिली. त्यांचं एकच उत्तर. नाव तुमचं होतं हे सिद्ध करायचं तर नोंदणीच्या वेळी दिलेल्या ईमेलवरूनच आम्हाला कळवा. अरे बाबांनो, तो ईमेलच राहिलेला नाही, म्हणून तर हे सगळं झालं! तर पुन्हा तेच उत्तर, शब्दही बदललेला नाही. फोन लावावा तर गाणं वाजत राहायचं. नानांचं जुनं बिल, दुकानाचा परवाना, सगळं पाठवलं. नोंदणीत मालक म्हणून नुसतं 'भरवसा' होतं, पुढं नानांचं पूर्ण नाव टाकायचं माझ्याकडूनच राहून गेलं होतं. शेवटी त्या मोबाइल नंबरवर फोन केला. एक माणूस अगदी गोड बोलला, नाव पाहिजे तर विकत घ्या म्हणाला आणि जो आकडा सांगितला त्यात वडीगोद्रीला एकरभर जमीन आली असती. मी शिव्या देऊन फोन ठेवला. शिव्या देऊन काय होतं?

शोभाताईंच्या शेतात मी नानांबरोबर गेलो. बाई बांधावर उभीच होती. नानांना तिनं वाकून नमस्कार केला आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "तुम्हीच का ते कॉम्पुटरवाले?"

"हो."

"पट्टीवर नाव होतं म्हनून पोरानं मोबाइलवर टाकलं. मी म्हनलं, नानांचंच हाय, काय बघायचं त्यात." एवढं बोलून ती नव्या लावणीकडं वळली. 

नाना नव्या लावणीत एका रोपाशी उकिडवे बसले. माती बाजूला केली, सांधा बघितला, पान चुरगळून हुंगलं. दुसरं बघितलं, तिसरं बघितलं. असे चाळीसेक झाले. मग उठले, गुडघ्याला हात टेकून.

"हा डोळा आपला न्हाई, ताई."

"मंग? वाढू द्यावं का? निघतीलबी चांगली."

"निघतीलबी. पन ते कळायला सहा सालं लागतील." एवढं म्हणून त्यांनी खाली वाकून पहिलं रोप स्वतः उपटलं. "एकाच महिन्यात कळलं, लई झालं. उपटा समदी. माझी तीनशे उद्या येतील."

दुसऱ्या दिवशी आली. पहिलं रोप नानांनी लावलं, चहा घेतला.

मला ते एका शब्दानं बोलले नाहीत. हेच तर! चिडले असते, 'तुमच्या भरवशावर राह्यलो' म्हणाले असते, तर मीही म्हणालो असतो की मी तेव्हाच सांगत होतो, एकेक वर्षाचं घ्या. भांडण होऊन मोकळं झालं असतं. वाटेत मीच विषय काढला, तर म्हणाले, "भरवशाच्या म्हशीला टोनगा झाला मास्तर. म्हशीला काय बोलायचं?" त्यात म्हैस मी की नाव की ते स्वतः, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी मस्तगडात गेलो. नवं नाव घ्यायचं ठरलं होतं. मी मनाशी पक्कं केलं होतं की पैसे माझे आणि मुदत पूर्ण दहा वर्षं. पुन्हा ही दगदग नको. या वेळी तीन-तीन ईमेल देऊ, नानांचं नाव देऊ, फोन देऊ.

"दहाचं घेतो, नाना."

"न्हाई. एका सालाचं."

"अहो, तुम्हीच तर..."

"मीच. आता एका सालाचं. दर पोळ्याला मी तुमच्याकडं येत जाईन. तारा सैल करायच्या, बैलाला रंगवायचं आन हे करायचं. एका दिसात तिन्ही." मग जरा थांबून म्हणाले, "मी न्हाई आलो तर तुम्ही या."

मला इतका राग आला! दहा वर्षांपूर्वी मी हेच घसा फोडून सांगत होतो तेव्हा हा माणूस ऐकला नाही. आता मी दहा म्हणतोय तर याला एक पाहिजे. तावातावानं एका वर्षाचं नाव घेतलं आणि शेवटची बस पकडून औरंगाबादला आलो.

त्यानंतर नानांनी जे आरंभलं ते कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. वीस वर्षांची ती जाडजूड वही पिशवीत घातली, पत्रा कापायची कात्री घेतली आणि निघाले गावोगाव. वहीत ज्याचं नाव, त्याच्या बागेत जायचं, पट्टीवरचा नंबर ठेवायचा आणि खालचं नाव कापून टाकायचं. अठ्ठ्याहत्तरीचा माणूस, पायाला सूज, एस.टी.नं. मी फोनवर ओरडलो, "सगळ्यांना कार्ड टाका ना! लोक आपापलं कापतील!" तर म्हणाले, "कार्ड टाकलीत. पन कापतील का न्हाई, ह्याचा भरवसा काय?"

मी त्यांना शेवटचं बघितलं ते शोभाताईंच्याच जुन्या बागेत. थंडीचे दिवस, रविवार. मुद्दाम गेलो होतो, बहुतेक भांडायलाच. निम्म्या बागेच्या पट्ट्या कापून झाल्या होत्या, पत्र्याचे तुकडे ते मोजून पिशवीत टाकत होते, एकही शेतात पडू देत नव्हते. एका झाडापाशी येऊन थांबले. त्या झाडाची तार कित्येक वर्षं कुणी सैल केली नव्हती. सालीत पार आत गेली होती, पट्टीची वरची कडही सालीनं गिळली होती. कात्री आत शिरत नव्हती. ओढली असती तर साल फाटली असती.

"राहू द्या नाना हे एक," मी म्हणालो. "कोण वाचतंय इथं येऊन?"

नाना पिशवीत हात घालून कानस शोधू लागले. ती काढली, झाडाला टेकून उभे राहिले आणि पट्टीवरचं पहिलं अक्षर घासायला लागले. सिद्दीकचाचांचं काम पक्कं होतं, सहज जात नव्हतं. माझी बस यायची वेळ झाली. मी हात पुढं केला, "द्या, मी घासतो." त्यांनी कानस दिली नाही.

पाडव्याच्या आधी नाना गेले. पोळ्याला ते आले नाहीत, मी रोपवाटिकेत जातो. नावाचं एका वर्षाचं भरतो, पुढच्या वर्षी पुन्हा एका वर्षाचं. दहाचा पर्याय समोर दिसत असतो, नुसतं बोट लावायचं असतं. मी लावत नाही, आणि दर वर्षी न लावताना त्यांच्यावर चिडतो.

त्या दिवशी बागेच्या फाटकापाशी जाऊन मी मागं वळून बघितलं होतं. ते तसेच, झाडाला खांदा लावून, मान वाकडी करून घासत होते. मी हाक मारली, "नाना, चला की आता! बस आली!"

वर न बघताच ते म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं, मास्तर. अजून डॉट कॉम राह्यलंय."